लढाईवरून आलेली नाणी : एका डब्याच्या जपणुकीच्या नोंदी

लालबागच्या एका चाळीत पुनर्विकासासाठी खोल्या रिकाम्या होत असताना पोटमाळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. या घरातले पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे (आजच्या इराकात) होते, आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत. डब्यात ६४ नाणी, ११ नोटा आणि एक पदक. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून मुंबईत आलेल्या कितीतरी घरांत असा डबा आहे. तो उघडण्याआधी या नोंदी वाचाव्यात, म्हणून त्या तारखेवार ठेवल्या आहेत.

६ एप्रिल

आज नाण्यांना हात लावायचा नाही, फक्त फोटो. झाकण उघडल्यावर वरून एक, मग प्रत्येक थर उचलला की एक. कुठलं नाणं कुठल्या पुडीत होतं, कशाला चिकटून होतं, ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही आणि डब्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच. सुटं नाणं कुठूनही आलेलं असू शकतं. एका पुडीत बांधलेली सात नाणी मात्र एका माणसाच्या खिशातून एकाच सुमारास निघालेली असतात.

पाच गट केले. अ: नाडीच्या कापडी बटव्यातले रुपये आणि चिल्लर. ब: कागदाची पुडी, वर शिसपेन्सिलीनं ‘केरन’ लिहिलेलं. क: प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम, साधारण चाळीस वर्षांपूर्वीचा. ड: तळाशी गंजाच्या पापुद्र्यांत पडलेली सुटी नाणी. इ: देवघरातले पाच रुपये, जे डब्यातूनच काढून दर दिवाळीला पूजेला लावले जातात.

‘केरन’ची पुडी जपून उलगडली आणि कागद वेगळ्या पाकिटात ठेवला. नाण्यांइतकाच तो कागद महत्त्वाचा. घरातल्या आत्यांच्या सांगण्यावरून आणखी एक पुडी होती. अल्बममध्ये नाणी लावताना तिचा कागद टाकून दिला गेला. त्यावर काय लिहिलं होतं हे आता कुणालाच आठवत नाही. त्यामुळे क गटातल्या निम्म्या नाण्यांबद्दल ठामपणे काही म्हणता येत नाही, आणि ही हानी कुठल्याही गंजापेक्षा मोठी आहे.

१० एप्रिल

सामान. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा (सुमारे ६०० रुपये), दहापट भिंग (५००), डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर, प्रयोगशाळेच्या दर्जाचं अ‍ॅसिटोन अर्धा लिटर (३५० च्या आसपास, प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळतं), नायट्राइल हातमोजे, कापसाचे बोळे, बांबूच्या काड्या, व्यास मोजायला प्लास्टिकचा व्हर्नियर, लहान चुंबक, हवेतली आर्द्रता मोजणारे हायग्रोमीटर दोन, ओल शोषणारं सिलिका जेल एक किलो. साठवणीचं सामान वेगळं, ते पुढे. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसतं.

लोखंडी व्हर्नियर घेऊ नका, चांदीवर लगेच ओरखडा उठतो. नखांचा रंग काढायचं द्रावण अ‍ॅसिटोनच्या जागी चालत नाही. त्यात तेल आणि सुगंध असतो, त्याचा थर नाण्यावर राहतो.

१३ एप्रिल

अ गट. आधी चुंबक, मग कड, मग वजन, हा क्रम ठेवला तर बराच वेळ वाचतो.

चुंबकाला एकच रुपया चिकटला, १९४७ चा, मागे वाघ असलेला. तो निकेलचा असतो, म्हणजे बरोबर. बाकीच्यांची कड पाहिली. जुन्या रुपयाच्या कडेला साध्या उभ्या रेघा असतात. १९४० पासूनच्या रुपयांना रेघांच्या मधोमध एक खाच फिरवलेली असते. युद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून (९१.७ टक्के) निम्म्यावर आणली गेली. राहिलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं, ११.६६ ग्रॅम. म्हणून नुसत्या काट्यावर दोघांत फरक कळत नाही, कड पाहावीच लागते.

सालाखालीही पाहायचं. पंचम जॉर्जच्या रुपयावर सालाखाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर तो मुंबई टाकसाळीचा, काहीच नसेल तर कलकत्त्याचा. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर इंग्रजी ‘एल’ दिसला तर लाहोर, ती टाकसाळ १९४३ ची. भिंगाशिवाय ठिपका दिसत नाही, झिजलेल्या नाण्यावर तिरपा उजेड टाकावा लागतो.

चिल्लरीत पंचम जॉर्जच्या निकेल मिश्रधातूच्या चवल्या (दोन आणे), एक पावली (चार आणे), आणि दुसऱ्या युद्धातली पिवळट पितळी चवली, चौकोनी, कोपरे गोल. १९४३ ते ४५ मधले भोकाचे पैसे नऊ. १९१८-१९ मध्ये चवली, पावली, अधेली (आठ आणे) चांदीऐवजी निकेल मिश्रधातूत आल्या, तेही युद्धातल्या चांदीच्या तुटवड्यामुळेच. दोन्ही महायुद्धांची ओढाताण या एका बटव्यातल्या धातूंत दिसते, फक्त ती धातूनुसार लावून पाहायला हवी.

१४ एप्रिल

घनतेची चाचणी. रुपयाची चांदी ठरवायला ही घरगुती पद्धत पुरेशी आहे आणि नाण्याला धक्का लागत नाही. जमिनीवर आपटून नाद ऐकायची जुनी रीत मात्र कडा ठेचते.

काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाणं बारीक रेशमी धाग्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्यानं भागायचं.

अकरा-बारांश चांदीच्या रुपयाला उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, निम्म्या चांदीच्या रुपयाला ९.५. पेल्यावरचे आकडे अनुक्रमे १.१३ आणि १.२२, फरक फक्त ०.०९ ग्रॅमचा. तो बिघडवायला तीन गोष्टी पुरतात. शिवणकामाचा जाड दोरा पाणी शोषतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा वाढवतो, त्यासाठी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालायचा आणि नाणं हलकेच झटकायचं. आणि छताचा पंखा: तो चालू असला की शेवटचा अंक स्थिर होत नाही. एप्रिलमध्ये नको वाटतं, पण पंखा बंद करूनच मोजायचं.

एक रुपया १०.३ ग्रॅम भरला आणि उत्तर आलं ८.६. अक्षरं बोथट, कडेच्या रेघा असमान. जर्मन सिल्व्हरच्या (चांदीसारख्या दिसणाऱ्या बिनचांदीच्या मिश्रधातूच्या) जातीच्या धातूचा खोटा रुपया. घरच्यांना तो काढून टाकावासा वाटला. काढला नाही. खोटे रुपये त्या काळीही हातोहात फिरत, आणि हा त्याच बटव्यात, त्याच मळात बसलेला आहे. नोंदीत ‘खोटा’ असं स्पष्ट लिहिलं.

२० एप्रिल

ब गट, ‘केरन’ची पुडी. इरिट्रियातल्या केरेनची लढाई १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमधली, तिथे चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन लढल्या. पुडीत इटलीची चार नाणी, पूर्व आफ्रिकेचा सिंहाचा एक शिलिंग, भोकाची दहा सेंटची दोन कांस्य नाणी आणि एक मोठं चांदीचं नाणं.

हे मोठं नाणं म्हणजे घराचा अभिमान. त्यावर साल १७८०, म्हणून ते पेशवाईतलं, पूर्वजांना दरबारातून मिळालेलं, असं तीन पिढ्या सांगत आल्या. ते मारिया तेरेसा थेलर आहे. ऑस्ट्रियाची ही राणी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतर हे नाणं कुठेही, कधीही पाडलं तरी साल १७८० च ठेवलं गेलं, कारण तांबड्या समुद्राभोवतीच्या बाजारांत आणि इथिओपियात लोक याच चेहऱ्याच्या नाण्यावर विश्वास ठेवत. १९४०-४१ मध्ये इंग्रजांनी ते मुंबईच्या टाकसाळीतही पाडून घेतलं. म्हणजे फोर्टात पाडलेलं नाणं समुद्र ओलांडून इरिट्रियाला गेलं आणि मराठा शिपायाच्या पुडीतून लालबागला आलं, हे अगदी शक्य आहे. मला ही हकीकत पेशवाईच्या कथेपेक्षा मोठी वाटते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती सविस्तर सांगितल्यावर त्यांनाही पटली.

तपासणी: वजन २८.०७ ग्रॅम असायला हवं, हे भरलं २७.९४. व्यास साडेएकोणचाळीस मिलिमीटर. चांदी ८३.३ टक्के. कडेवर लॅटिन अक्षरं आणि नक्षी उठावाची असते. कड गुळगुळीत असेल किंवा मधोमध जोड दिसला तर ते ओतीव समजावं.

शिलिंग १९४२ चा, त्यावर बारीक इंग्रजी ‘आय’. हीही मुंबई टाकसाळीची खूण. युद्धात ही टाकसाळ ऑस्ट्रेलियाच्या पेनीसुद्धा पाडत होती, त्यांवरही हाच ‘आय’ आढळतो. पण इथे तारीख महत्त्वाची आहे. केरेनची लढाई १९४१ ची आणि शिलिंग १९४२ चा, म्हणजे पुडी लढाईच्या दिवसांत बांधलेली नाही, नंतर कधीतरी आठवणीनं बांधली आणि लिहिली. पुडीवरच्या शब्दाला पुरावा मानायचं ते एवढ्या मर्यादेत.

इटलीच्या नाण्यांबद्दल सावध. १९३९ नंतरची लिरा नाणी पोलादी आहेत, काही चुंबकाला चिकटतात आणि काही नाही, दोन्ही खरी. सालाशेजारचे रोमन अंक मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष सांगतात: १९४० च्या नाण्यावर अठरा. इरिट्रिया ही इटलीची वसाहत होती, त्यामुळे इटालियन नाणं सापडलं म्हणून आजोबा इटलीत होते असं सिद्ध होत नाही. इटली सिद्ध झाली ती दोस्तांच्या लष्करी लिरा नोटांवरून. त्या १९४३ च्या मालिकेच्या, म्हणजे दोस्त फौजा सिसिलीत उतरल्यानंतरच्या. मराठ्यांची तिसरी पलटण केरेनला होती आणि १९४४ मध्ये इटलीत. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या कामगिरीबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत. आजोबांची पलटणही हीच होती का, हे डब्यातून ठरत नाही. तसं नोंदीत लिहिलं नाही.

२१ एप्रिल

अरबी अंक वाचायची छोटी किल्ली, कारण इथेच सगळे अडतात: ठिपका म्हणजे शून्य, पोकळ गोल म्हणजे पाच, इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार सात, तोच उलटा आठ. नऊ आपल्याला ओळखू येतो. अंक डावीकडून उजवीकडेच वाचायचे.

इजिप्तच्या फारूक राजाच्या नाण्यांवर हिजरी आणि इसवी अशी दोन्ही सालं असतात, काम सोपं. षटकोनी चांदीचं दोन पियास्टर १३६३ आणि १९४४ चं निघालं. तुर्की नाण्यांचं तसं नाही. सुलतान रशादच्या नाण्यावर १३२७ हे त्याच्या गादीवर बसण्याचं साल कायम असतं आणि कारकिर्दीचं वर्ष वेगळं, लहान अंकात. दोघांची बेरीज करून एक वजा करायचा. एका नाण्यावर आठचा अंक आहे: १३२७ अधिक ८ वजा १, म्हणजे हिजरी १३३४, इसवी १९१५-१६. बसऱ्याच्या फौजेशी हे जुळतं.

पणजोबांच्या रुपयांबद्दल मात्र असं काही सांगता येत नाही. त्या काळी मेसोपोटेमियात आपलाच रुपया चालत होता, १९३२ मध्ये इराकी दिनार येईपर्यंत. १९१७ चा रुपया बसऱ्याहून परत आला की भायखळ्यालाच मिळाला, हे नाणं सांगू शकत नाही.

२८ एप्रिल

पदक. छत्तीस मिलिमीटर, चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८. ब्रिटिश वॉर मेडल. पहिल्या महायुद्धातल्या या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि डब्यातली ही एकमेव वस्तू स्वतःच्या तोंडानं नाव सांगते.

कड वाचायला पदक घासायची गरज नाही. खोलीत अंधार, मोबाइलचा टॉर्च कडेच्या पातळीवर ठेवून पदक थोडं थोडं फिरवत फोटो. पुसट अक्षरं सावलीत उठून येतात. ‘११४ मराठाज’ वाचता आलं. ही पलटण मेसोपोटेमियात होतीच, तेव्हा तुर्की नाणी, पदक आणि घरातली ‘बसरा’ ही आठवण, तिन्हींचा मेळ बसला. नावाचं इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं असतं. अभिलेखांत शोधताना तीन-चार स्पेलिंगं करून पाहायची.

रिबन जीर्ण आहे, पण तशीच ठेवली. धुवायची नाही, नवीन शिवायची नाही. ही पदकं असंख्य घरांतून वितळवली गेली, उरलेलं प्रत्येक पदक जसं आहे तसं राहायला हवं.

४ मे

क गट. अल्बमच्या खिशांतली नाणी हिरवट, हाताला चिकट. हिरवं दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे उपाय वेगळे, म्हणून आधी ओळख.

चिकट, पसरलेलं, चकचकीत हिरवं हे पीव्हीसी प्लास्टिकचं. ते मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपतं आणि तांब्याशी लागतं. खिसा पीव्हीसीचा आहे का हे पाहायला तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत दिसली तर पीव्हीसी. खिडकीपाशी, अगदी बारीक तुकड्यावर. धूर हुंगायचा नाही.

उपाय: काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोन, नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, बाहेर काढून कापसाचा बोळा नाण्यावर फिरवत न्यायचा, घासायचा नाही. मग स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवून कोरडं होऊ द्यायचं. पातळ प्लास्टिकचा पेला अ‍ॅसिटोननं विरघळतो आणि नवा चिकटा नाण्यावर बसतो. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली. वाफ जमिनीलगत पसरते आणि पेट घेते, चाळीच्या खोलीत हे विसरून चालणार नाही.

दुसरं हिरवं कोरडं, फिकट, भुकटीसारखं, ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतं. काडीनं काढलं तर खाली खड्डा. हा कांस्याचा रोग. घामातलं आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड तांब्यात शिरून बसतं आणि दमट हवा मिळाली की आतून धातू खात राहतं. दोन भोकाच्या पैशांना आणि दहा सेंटच्या एका नाण्याला हा निघाला. अ‍ॅसिटोनचा इथे उपयोग नाही. तिन्ही वेगळ्या लहान डबीत सिलिका जेलबरोबर ठेवली, ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत हा थांबतो. सोड्याच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवायचा उपाय आहे, पण त्यानं नाण्याचा रंग बदलतो. तो संग्रहालयातल्या जाणकाराच्या हाती सोडावा.

ड गटातल्या गंजाच्या पापुद्र्यांना डिस्टिल्ड वॉटर आणि बांबूची काडी पुरली. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायचा सल्ला घरोघरी मिळतो. तेलातली आम्लं तांबं हळूहळू खातात आणि तेल मुंबईची धूळ धरून ठेवतं.

११ मे

देवघरातले पाच रुपये. सर्वांत झिजलेले हेच. दर लक्ष्मीपूजनाला पंचामृत, मग चिंच किंवा राखेनं घासून लख्ख, मग हळदकुंकू. पंचम जॉर्जच्या दाढीचे केस सपाट झालेत, झग्यावरचा हत्ती ओळखू येत नाही. (यातला एक १९११ चा आहे. त्या साली हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला ठसा बदलला. तोच हत्ती इथे पुसला गेला, याचं फार वाईट वाटलं.)

कुंकवाचे थर कोमट डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाच्या एका थेंबात सुटले. अक्षरांच्या खाचांतलं लाल बांबूच्या काडीनं, पाण्यातच. काळेपणा काढला नाही. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा या उपायानं काळं जातं, पण नाणं निर्जीव पांढरं दिसतं, आणि निम्म्या चांदीच्या रुपयावर पिवळट-करडे डाग उठतात. चांदीवरचा शांत काळसर रंग हे नाण्याचं संरक्षणच आहे.

पूजा बंद करा असं सांगायचा प्रश्नच नव्हता. तोडगा निघाला: पूजेसाठी सराफाकडून नवीन लक्ष्मीचं चांदीचं नाणं, आणि जुने रुपये पूजेच्या वेळी बंद डबीत शेजारी. त्या डबीवरच हळदकुंकू वाहायचं. आत्यांनी हे स्वतःच सुचवलं.

१८ मे

नोटा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, इस्त्री नको. घडी जितकी सहज उघडते तितकीच उघडायची. पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात, मागे आम्लरहित कागद. १९४० च्या एक रुपयाच्या नोटेवर जुनी पिवळी चिकटपट्टी आहे, ती ओढली नाही. नोटांना अ‍ॅसिटोन लावायचं नाही, शाई आणि शिक्के दोन्ही जातात.

२५ मे

पाऊस यायच्या आत साठवण. रुपयांना ३१ मिलिमीटरच्या आणि थेलरला ४० च्या कडक कॅप्सूल (२५ रुपयांच्या आसपास एक), बाकीच्यांना पीव्हीसी नसलेली पाकिटं. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर स्वस्त पडतात, पण त्यांच्या स्टेपलच्या पिना मुंबईत एका पावसाळ्यात गंजतात आणि गंज नाण्यावर उतरतो. घ्यायचेच तर स्टेनलेस पिना, आणि टोकं पक्कडीनं सपाट.

बाहेरचा डबा: रबरी कडीचा, हवाबंद, पाच लिटरचा. आत २०० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत आणि एक हायग्रोमीटर. लाकडी पेटी नको, लाकडातून आणि प्लायमधून आम्लाची वाफ येते. डांबराच्या गोळ्या नकोत. रबरबँडमधलं गंधक चांदी काळी करतं, वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त. मूळ पत्र्याचा डबाही ठेवला, गंज झाडून, पण रिकामा, वेगळा.

१५ जून

दोन हायग्रोमीटर शेजारी ठेवले तर दोघांत आठ टक्क्यांचा फरक. कोण खरं, हे मिठानं ठरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं, हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता होते. एक ७४ दाखवत होता, दुसरा ६६. म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर ४० वाटलेली हवा खरं तर ४८-४९ ची. त्याच्यावर कागद चिकटवून ‘अधिक ९’ लिहिलं. तपासणी न करता या स्वस्त यंत्रांवर विश्वास टाकला असता तर कांस्याचा रोग शांतपणे वाढत राहिला असता.

२० जुलै

बाहेर ९० टक्के, डब्यात ३६ वरून ५८. सिलिका जेल नारंगीचं गडद हिरवं झालेलं. एवढ्या लवकर व्हायला नको होतं. कारण झाकणाच्या रबरी कडीत अडकलेला कागदाचा कोपरा. कडी पुसून बसवली, जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास तापवलं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सारखं हलवत, जळू न देता. थंड होऊ द्यायचं तेही बंद बरणीत, नाहीतर तेवढ्यात ते पुन्हा हवेतलं पाणी ओढतं. निळ्या रंगाचं जेल घेऊ नये, त्यात कोबाल्ट असतं.

रोग लागलेल्या तीनपैकी एकावर नवीन ठिपका.

२४ ऑगस्ट

नोंदवही आणि फोटो. फोटो खिडकीच्या उजेडात, करड्या पुठ्ठ्यावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्लॅश नाही. प्रत्येक नाण्याचे तीन: पुढची बाजू, मागची बाजू, कड. वहीतली एक नोंद नमुन्याला:

‘ब-०३. मारिया तेरेसा थेलर, साल १७८० (कायमचं). २७.९४ ग्रॅम, ३९.५ मिमी. कडेवर अक्षरं आहेत. ‘केरन’ पुडीत. स्वच्छ केलेलं नाही. घरातली समजूत: पेशवाईतलं. आमचं मत: विसाव्या शतकातलं, बहुधा १९४० नंतरचं. सांगणार: आत्या, वय ८१.’

‘समजूत’ आणि ‘मत’ हे दोन वेगळे रकाने हवेतच. मत उद्या बदलेल, पण वडीलधाऱ्यांनी काय सांगितलं ते पुन्हा ऐकायला मिळणार नाही. याच वहीमुळे मलायाच्या १९४१ च्या चौकोनी एक सेंटचं कोडं सुटलं. आजोबांच्या वाटेवर मलाया कुठेच नाही. आत्यांनी सांगितलं, त्यांचे मामा बोटीवर खलाशी होते. नाणं डब्यातच ठेवलं, मामांच्या नावानं नोंदवून.

१४ सप्टेंबर

वाटणी आणि किंमत. चार भावंडं, प्रत्येकाला काहीतरी हवं. सराफ चांदीच्या वजनावर बोलतो: जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, १९४० नंतरच्यात ५.८३, थेलरमध्ये २३.३९. या हिशेबात पुडीवरच्या शब्दाला किंमत शून्य. म्हणून नाणी एकत्रच ठेवायची ठरली, एका घरी, लेखी. आणि प्रत्येक शाखेला वहीची छापील प्रत, फोटोंसह. एक भाऊ परदेशी असतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती बाहेर नेता येत नाहीत. त्याला प्रतच.

‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ सांगणाऱ्या फोनना घरात आधीच एकदा उत्तर दिलं गेलं होतं. आधी नोंदणीचं शुल्क मागतात, ही खूण. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच्या नावानं चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. ज्यांना जुनी नाणी नीट पाहून डोळा तयार करायचा आहे त्यांनी फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आधी पाहावं, बाजार नंतर.

५ ऑक्टोबर

डब्यात ३४ टक्के. रोग लागलेली तिन्ही नाणी उपचारासाठी संवर्धकाकडे दिली, सोबत त्यांच्या नोंदींची प्रत. खोटा रुपया, मामांचं सेंट आणि ‘केरन’चा कागद मुख्य डब्यात. क गटातल्या अकरा नाण्यांसमोर ‘कुठून आलं: माहीत नाही’ असंच लिहिलं आहे. आजोबांच्या डिस्चार्ज बुकसाठी (सैन्यातल्या सेवेच्या नोंदवहीसाठी) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला आहे, पलटण कळली तर ब गटाच्या नोंदी पुन्हा तपासायच्या. जेल पुढच्या वेळी दिवाळीनंतर तापवायचं, मग मेच्या अखेरीस.